जुन्या येझदीचा सायलेन्सर

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातील उत्पादन 1996 मध्ये थांबल्यावर येझदी मोटारसायकलचे मूळ सुटे भाग दुर्मिळ झाले; त्यामुळे हैदराबादेत अशी गाडी राखणाऱ्यास सिकंदराबादच्या राणीगंज बाजारात पडून राहिलेला जुना माल, भंगारातला नग किंवा हुबेहूब घडवलेली नक्कल यांतून निवड करावी लागते. 250 सीसी येझदीचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या दोनच धावांत शक्तिचक्र पूर्ण करणारे असून, सिलिंडर एकच असताना त्यातून दोन धूरनळ्या निघतात, ही मोठी मौजेची रचना आहे. अशा इंजिनात सायलेन्सर केवळ आवाज दाबत नाही, तर त्यातून परतणारी दाबाची लाट ताज्या मिश्रणाच्या गळतीवरही परिणाम करते. म्हणून आतील बॅफल, म्हणजे ध्वनी अडवणारी छिद्रांची नळी, काढल्यास गोंगाट निश्चित वाढतो, शक्ती मात्र घटण्याचाच संभव अधिक. त्यापेक्षा तेलमिश्रित पेट्रोलमुळे साचलेली काजळी कॉस्टिक सोड्याने धुणे शहाणपणाचे. अॅल्युमिनियमच्या भागांना मात्र तो लागू देऊ नये, कारण तो ते खातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील 120 वा नियम सायलेन्सर बंधनकारक करतो, आणि जप्त केलेले कर्णकर्कश सायलेन्सर हैदराबादच्या पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडलेही आहेत.