मुके दगड बोलू लागले!

इजिप्त म्हटले की पिरॅमिड, आणि मध्य अमेरिकेतले माया म्हटले की पुन्हा पिरॅमिडच! त्यामुळे ‘एकाने ही विद्या दुसऱ्यापासून उचलली’ असे छातीठोकपणे सांगणारा कोणीतरी फराळाच्या बैठकीत हटकून भेटतो. त्याला एवढेच विचारावे, ‘तारखा पाहिल्यात का?’ खुफूचा पिरॅमिड इ. स. पूर्व २५६० च्या सुमाराचा. ग्वाटेमालातील तिकालची उत्तुंग मंदिरे इसवी सनाच्या आठव्या शतकातली. मध्ये तीन हजारांहून अधिक वर्षे आणि एक महासागर! शिवाय इजिप्तचा पिरॅमिड ही राजाची समाधी, तर मायांचा पिरॅमिड म्हणजे पायऱ्या चढून जायचे देऊळ. १९५२ साली मेक्सिकोतील पालेंके येथे अशा एका देवळाखाली पकाल राजाची कबर सापडली हे खरे. पण तेवढ्याने नाते जुळत नाही.

मी पडलो मराठीचा अध्यापक. मला या दोघांच्या दगडांपेक्षा अक्षरांचेच नवल अधिक. दोघांनीही चित्रांतून लिहिले, आणि पुढे दोघांचेही लिहिणे कोणाला वाचता येईना.

इजिप्तची लिपी हळूहळू विझत गेली. तिच्या चित्राक्षरांतला शेवटचा ज्ञात लेख इ. स. ३९४ मधला, फिले येथील मंदिरातला. पुढे १७९९ मध्ये रोझेटाची शिळा सापडली. तिच्यावर एकच मजकूर तीन लिपींत कोरलेला, आणि त्यांतली ग्रीक ओळखीची! जुन्या भाषेची लेक शोभावी अशी कॉप्टिक भाषा तिथल्या ख्रिस्ती लोकांनी प्रार्थनेपुरती जपली होती. या दोहोंच्या आधारे शांपोलियनने १८२२ मध्ये कोडे सोडवले.

मायांच्या लिपीवर मात्र घाला पडला. १५६२ मध्ये युकातानातील मानी या गावी दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने त्यांच्या पोथ्या सैतानी ठरवून जाळल्या. आज जगात त्यांच्या अवघ्या चार पोथ्या उरल्या आहेत. आणि दैवाची थट्टा पाहा! याच लांदाने मायांची ‘मुळाक्षरे’ टिपून ठेवली होती. त्याने स्पॅनिश अक्षराचे नाव ‘बे’ उच्चारले, की माया लेखनिक ‘बे’ या ध्वनीचे चिन्ह काढी. हा घोटाळा न उमगल्याने पंडितांना त्या तक्त्याचा उपयोग होईना.

१९५२ मध्ये लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोव यांनी ताडले, की ही चिन्हे सुट्या व्यंजनांची नसून स्वरासकट व्यंजनांची आहेत. बाराखडी घोकलेल्या आपल्याला हे चटकन पटेल! पोथीत टर्की पक्ष्याच्या चित्रावर दोन चिन्हे आहेत : ‘कु-त्सु’. आपण ‘राम’ म्हणताना शेवटचा ‘अ’ गिळतो, तसा इथला शेवटचा स्वर गिळायचा. की झाला ‘कुत्स’, म्हणजे टर्की. (कुत्रा नव्हे हो!) कुत्र्यावर लिहिले आहे ‘त्सु-लु’, म्हणजे ‘त्सुल’. दोन्हीकडे ‘त्सु’चे चिन्ह तेच!

फारोंची भाषा आज कोणत्याही घरात बोलली जात नाही. माया भाषा मात्र ग्वाटेमाला-मेक्सिकोत लाखो घरांत बोलल्या जातात. आपल्याच बोलीत कोरलेल्या शिळेपुढे या लोकांना शतकानुशतके निरक्षरासारखे उभे राहावे लागले. आता त्यांच्यातली काही तरुण मंडळी ती अक्षरे पुन्हा गिरवू लागली आहेत, आणि पणजोबांच्या पणजोबांनी कोरलेली राजांची नावे स्वतः वाचू लागली आहेत. रोझेटाच्या शिळेइतकेच मला याचे अप्रूप वाटते.