दूरध्वनीचा तगादा आणि घराची अब्रू

ज्यांचे बालपण मुंबईच्या गिरणगावात गेले, त्या आमच्या वडील पिढीच्या तोंडून पठाण सावकाराच्या गोष्टी आम्ही पुष्कळ ऐकल्या आहेत. पगाराच्या दिवशी तो काठी टेकून गिरणीच्या फाटकापाशी उभा राही आणि त्याला चुकविण्यासाठी ऋणको कामगार गर्दीत तोंड लपवीत. आता तो फाटकाशी उभा राहत नाही. तो आपल्या खिशातल्या दूरध्वनीत येऊन बसला आहे. सकाळी वाजतो, दुपारी वाजतो, जेवणाच्या ताटावरून उठवितो. आपल्या समाजातील किती घरांत ही घंटा वाजते आणि किती घरे ती ऐकूनही न ऐकल्यासारखे करतात, याची चर्चा आपण चारचौघांत करीत नाही. म्हणूनच ती आज करावी असे आम्हांस वाटते.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या घरधन्यांचा कारखाना बंद पडला. त्याच्या आदल्याच वर्षी थोरलीचे लग्न झाले होते. मेंदीपासून मेजवानीपर्यंत काही उणे पडू नये म्हणून एका पतपुरवठा कंपनीकडून 40,000 शेकेल कर्ज काढले होते. ऋण काढून सण करू नये, हे मुंबईच्या शाळेत फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिणारे आम्हीच ते विसरलो. तीन हप्ते चुकले आणि फोन सुरू झाले. प्रथम कंपनीचे, मग वकिलाच्या कचेरीचे. आवाज प्रथम गोड होता, नंतर चढा झाला. आम्ही फोन उचलणे सोडले. आलेली पाकिटे न फोडताच कपाटावर ठेवू लागलो.

एका शुक्रवारी दुपारी शब्बाथची तयारी चालली असता फोन वाजला. बारा वर्षांच्या धाकट्याने तो उचलला आणि आमच्याकडे न पाहताच, अगदी सराईतपणे, “ईमा घरी नाही,” असे सांगून ठेवून दिला. आम्ही त्याला तसे सांगितले नव्हते. पाहून पाहून तो शिकला होता. वीस-पंचवीस वर्षे लोकांच्या मुलांना खरे बोलावयास शिकविले आणि आपल्या मुलाला मात्र न बोलता खोटे शिकविले, या विचाराने त्या रात्री दिव्यांसमोर मान वर करवेना. पैशाचे देणे फिटते. परंतु हे दुसरे देणे वाढत चालले होते.

शब्बाथ सरल्यावर आम्ही सर्व पाकिटे जेवणाच्या मेजावर मांडली आणि फोडली. भीती वाटत होती त्याहून चित्र निराळे निघाले. कंपनीने भरलेला एक हप्ता जमेस धरलाच नव्हता. मागितलेल्या रकमेत मूळ कर्ज किती, व्याज किती आणि वकिलाचा खर्च किती, याची फोडही नव्हती. त्याच रात्री आम्ही दिरांना बोलाविले. ते आमचे जामीन होते. त्यांनाही महिनाभर तेच फोन येत होते. आमची अब्रू जाऊ नये म्हणून ते बोलले नव्हते, आणि त्यांना काळजी नको म्हणून आम्ही बोललो नव्हतो! “वहिनी, एवढेच ना?” असे ते म्हणाले तेव्हा घरधन्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

त्यानंतर जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो. फोनवर घाबरून कोणतेही वचन देऊ नये. बोलणाऱ्याचे नाव, कचेरी आणि कर्जाचा क्रमांक विचारून वहीत दिनांकासह लिहावा आणि हिशेबाची फोड लेखी मागावी. इस्राएलच्या कायद्याप्रमाणे आपण स्वतः ज्या संभाषणात भाग घेतो ते ध्वनिमुद्रित करण्यास मुभा आहे. धमकीची भाषा सुरू झाली तर याचा उपयोग होतो. अनोळखी संदेशातील दुव्यावर पैसे कधीही भरू नयेत. कर्ज फार जुने असेल तर सही करण्यापूर्वी वकिलाला विचारावे. 1958 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे सामान्य देण्याचा दावा सात वर्षांत लावावा लागतो आणि लेखी कबुलीने ती मुदत पुन्हा नव्याने सुरू होऊ शकते. मात्र एकदा न्यायालयाचा निकाल झाला की ही सात वर्षे लागू राहत नाहीत.

फोन आणि नोटीस यांतील भेदही ओळखावा. फोनकडे दोन दिवस दुर्लक्ष झाले तरी आभाळ कोसळत नाही. पण होत्साआ ला-पोअल, म्हणजे निकालाची अंमलबजावणी करणाऱ्या कचेरीचे पत्र आले तर ते त्याच दिवशी वाचावे. 1967 च्या कायद्याने चालणाऱ्या या कचेरीच्या पत्रावर मुदत दिलेली असते. ती टळली म्हणजे पगारावर किंवा बँकेच्या खात्यावर टाच येऊ शकते. मुदतीत गेल्यास मात्र आपली मिळकत व खर्च दाखवून ऐपतीप्रमाणे हप्ते बांधून मागता येतात.

आपली भीती पुष्कळदा अज्ञानातून येते. पगारावर टाच आली तरी कुटुंबाच्या निर्वाहासाठी त्याचा काही भाग कायद्याने सुरक्षित असतो. बितुआख लेउमीचा भत्ता बँकेत जमा झाल्यापासून 30 दिवसांपर्यंत सर्वसाधारणपणे जप्त करता येत नाही. घरातील आवश्यक अन्न, अंथरुणे, औषधे आणि धर्मकृत्याच्या वस्तू यांना हात लावता येत नाही. 1993 साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की ऋणकोची फेडण्याची ऐपत तपासल्यावाचून त्याला तुरुंगात धाडता येणार नाही. देणी अगदीच डोईजड झाली असतील त्यांच्यासाठी 2018 चा दिवाळखोरी व आर्थिक पुनर्वसनाचा कायदा सप्टेंबर 2019 पासून अमलात आहे. ज्यांची मिळकत तुटपुंजी आहे त्यांना न्याय मंत्रालयाच्या विधिसाहाय्य विभागाकडे वकिलासाठी अर्ज करता येतो. नगरपालिकांतील शील केंद्रांत सल्ला विनामूल्य मिळतो आणि पाआमोनीम संस्थेचे स्वयंसेवक घरखर्चाचा मेळ बसवून देतात. हिब्रू पत्र वाचणे जड जाणाऱ्या वडीलधाऱ्यांबरोबर घरातील तरुणांनी अवश्य जावे.

यात लाज कसली? आपल्या तोरानेच धनकोला मर्यादा घातली आहे. अनुवादाच्या 24 व्या अध्यायात सांगितले आहे की तारण घेण्यासाठी धनकोने ऋणकोच्या घरात शिरू नये. त्याने बाहेर उभे राहावे. कोणाचे जाते तारण घेऊ नये, कारण त्यावर त्याचे पोट असते. कोकणात घाण्यावर तेल काढून पोट भरणाऱ्या आपल्या शनिवार तेली पूर्वजांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नसता. आपल्या ज्ञानी पुरुषांनी तर याहून पुढे जाऊन असे ठरविले की ऋणकोपाशी फेडावयास काही नाही हे ठाऊक असल्यास धनकोने मुद्दाम त्याच्यासमोरून जाऊसुद्धा नये; त्याला शरमिंदे करू नये. दिवसातून दहा वेळा फोन करणाऱ्यांनी हा नियम ऐकलेला दिसत नाही!

परंतु हे वाचून कोणी देणे बुडविण्याचा अर्थ काढू नये. घेतलेले फेडलेच पाहिजे. अलीशा संदेष्ट्याने त्या विधवेला तेल विकून आधी सावकाराचे देणे फेडावयास लावले आणि उरलेल्यावर मुलांसह निर्वाह करावयास सांगितले. तिच्या गोष्टीत आम्हांस एक गोष्ट विशेष वाटते. चमत्कार होण्यापूर्वी तिने आपली अडचण तोंडाने सांगितली आणि शेजाऱ्यांच्या दारी जाऊन रिकामी भांडी मागितली. दार लावून गप्प बसली असती तर तेल कशात ओतले असते?

आम्ही ऐपतीप्रमाणे महिना 600 शेकेल देण्याचे लेखी कळविले. दोनदा नकार आला, तिसऱ्यांदा होकार आला. चुकलेला हप्ता जमेस धरला गेला. फेडावयास चार वर्षांहून अधिक लागली. त्या काळात घरात नवे पडदे आले नाहीत आणि सणाला पाहुणे आले ते घरच्या जेवणावर तृप्त होऊन गेले. शेवटचा हप्ता भरल्याची पावती धाकट्याने स्वतः फाइलीत लावली. आज फोन वाजला की तो उचलतो आणि “ईमा आहे, देतो,” असे म्हणतो.

ज्यांच्या कपाटावर अशी पाकिटे पडून असतील त्यांनी शब्बाथ सरताच ती मेजावर आणावीत. एकट्याने फोडवत नसतील तर आपल्या माणसाला जवळ बसवावे. आणि ज्यांना असे बोलावणे येईल त्यांनी, उपदेश न करता, आमच्या दिरांप्रमाणे जावे.