वेगाचा कारागीर

मालवणच्या किनाऱ्यावर जुन्या पद्धतीची लाकडी होडी बांधणारा सुतार त्या होडीतून मासेमारीला जातोच असे नाही. होडी पाण्यात लोटली की त्याचे काम संपले, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु त्याच्या कामाची खरी परीक्षा तेथूनच सुरू होते. वारा पिसाळला आणि लाटा उसळू लागल्या, म्हणजे होडीतील तांडेलाबरोबर किनाऱ्यावरील त्या सुताराचे कसबही पणाला लागते. फळ्यांचा एखादा सांधा कच्चा राहिला असेल, किंवा होडीचा तोल राखणारी उलांडी नीट बांधलेली नसेल, तर तांडेल कितीही निष्णात असला तरी त्याचा इलाज चालत नाही. मोटारींच्या शर्यतींतही असाच एक पडद्याआडचा कारागीर असतो. तो म्हणजे शर्यतीच्या मोटारीचा अभियंता.

मोटारींच्या शर्यतींत ‘फॉर्म्युला वन’ ही स्पर्धा सर्वश्रेष्ठ मानली जाते. तिच्या जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत 13 मे 1950 रोजी इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे झाली. भारतातही 2011 ते 2013 अशी तीन वर्षे ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किटवर ही शर्यत भरली होती. तिन्ही वर्षी सेबास्टियन व्हेटेल या जर्मन चालकाने ती जिंकली. चषक चालकाच्या हाती आला. परंतु त्याची मोटार ज्यांच्या मार्गदर्शनाखाली घडली, ते एड्रियन न्यूई नावाचे इंग्रज अभियंते होते.

या मोटारीत असे विशेष ते काय असते? चालकासह तिचे वजन आठशे किलोग्रॅमच्या आसपास भरते आणि सरळ रस्त्यावर ती ताशी 300 किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. म्हणजे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ती कित्येक मीटर पुढे गेलेली असते. अशा वेगात वळण आले, तर हलकी मोटार रस्ता सोडून बाहेर फेकली जाण्याचा धोका असतो. तिला जमिनीशी घट्ट धरून ठेवण्यासाठी अभियंता वाऱ्याचेच साहाय्य घेतो. विमानाचे पंख वाऱ्याच्या योगाने विमानास वर उचलतात. शर्यतीच्या मोटारीला तसेच पंख असतात. मात्र ते उलटे बसवलेले असल्यामुळे वारा मोटारीस खाली दाबतो. मोठ्या वेगात हा दाब मोटारीच्या स्वतःच्या वजनाहूनही अधिक होतो.

परंतु येथे एक पेच असतो. पंख मोठे केले तर वळणावर पकड वाढते, पण वाऱ्याचा अडथळाही वाढून सरळ रस्त्यावर वेग घटतो. इटलीतील मोंझा येथे सरळ रस्ते लांब असल्यामुळे तेथे लहान पंख उपयोगी पडतात. मोनाकोच्या अरुंद, वळणावळणांच्या रस्त्यांवर मोठे पंख लागतात. वारा पाहून तांडेल शीड कमीजास्त करतो, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की, अभियंत्याला हा विचार शर्यतीपूर्वी गणिताने करावा लागतो. तो मोटारीची लहान प्रतिकृती करून तिच्यावर वातबोगद्यात जोराचा वारा सोडतो, संगणकावर आकडेमोड करतो आणि मग एकेक भाग निश्चित करतो.

शर्यत सुरू झाली म्हणजे अभियंत्याची निराळी कामगिरी सुरू होते. मोटारीत बसवलेले शेकडो संवेदक चाकांचे तापमान, इंजिनाची अवस्था, ब्रेकवरील ताण इत्यादी माहिती क्षणोक्षणी पाठवत असतात. ती वाचून शर्यत-अभियंता बिनतारी यंत्रावरून चालकाला सूचना देतो. केव्हा जोर करावा, केव्हा चाके जपावीत, केव्हा थांबावे, हे निर्णय काही सेकंदांत घ्यावे लागतात.

चाके बदलण्यासाठी मोटार थांबते, तो क्षण तर पाहण्यासारखा असतो. वीसच्या आसपास माणसे तिच्याभोवती जागच्या जागी उभी असतात. प्रत्येक चाकापाशी तिघे असतात. एक जण नट सैल करतो व पुन्हा आवळतो, दुसरा जुने चाक काढतो, तिसरा नवे बसवतो. किनाऱ्यावर रापण ओढताना दोन्ही बाजूंचे दोर सारख्या गतीने ओढावे लागतात. एक बाजू मागे पडली तर मासळी निसटते. येथेही एकाचा हात अडखळला तर सर्वांचे श्रम वाया जातात. 2023 साली कतारच्या शर्यतीत मॅक्लॅरेन संघाने चारही चाके अवघ्या 1.80 सेकंदांत बदलली.

वेग वाढवणे एवढेच मात्र अभियंत्याचे कर्तव्य नव्हे. न्यूई यांचेच चरित्र पाहावे. 1980 मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठातून विमानविद्येची पदवी घेऊन ते थेट शर्यतींच्या क्षेत्रात आले. संगणकाच्या युगातही फळ्यावर कागद लावून पेन्सिलीने आराखडे काढण्याबद्दल ते प्रसिद्ध आहेत. 1994 साली ते विल्यम्स संघाचे मुख्य आरेखनकार होते. त्या वर्षी 1 मे रोजी इटलीतील इमोला येथे त्या संघाचे थोर ब्राझिली चालक आयर्टन सेन्ना यांची मोटार भिंतीवर आदळली आणि त्यांचा अंत झाला. अपघाताच्या कारणांविषयी पुष्कळ वाद झाला. न्यायालयाने न्यूई यांना निर्दोष ठरवले. तरीही त्या मृत्यूची काही जबाबदारी आपल्यावर आहे, ही भावना आपल्या मनातून जाणार नाही, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. कायद्याने दोषमुक्त केले तरी खऱ्या कारागिराचे मन स्वतःला प्रश्न विचारावयाचे थांबत नाही.

त्या दुर्घटनेनंतर सुरक्षिततेचे नियम कडक होत गेले. 2018 पासून चालकाच्या डोक्याभोवती टिटॅनियम धातूची एक भक्कम कमान बसवणे सक्तीचे झाले. तिला ‘हेलो’ म्हणतात. तिच्यामुळे मोटारीचे सौंदर्य बिघडते, असा आक्षेप अनेकांनी घेतला होता. 29 नोव्हेंबर 2020 रोजी बहारीनच्या शर्यतीत रोमँ ग्रोजाँ यांची मोटार ताशी 192 किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले आणि तिने पेट घेतला. सुमारे 28 सेकंदांनी ग्रोजाँ ज्वाळांतून बाहेर आले. त्यांचे हात भाजले होते, पण प्राण वाचले होते. ज्या कमानीला ते स्वतः पूर्वी विरोध करीत असत, तिनेच त्यांचे मस्तक राखले होते.

या क्षेत्रात येण्याचा मार्ग खडतर आहे, परंतु तो कोणालाही बंद नाही. गणित आणि पदार्थविज्ञान हा त्याचा पाया होय. त्यावर यंत्र किंवा विमान अभियांत्रिकीचे शिक्षण घ्यावे लागते. मालवणातही शासकीय तंत्रनिकेतन आहे. तेथील पदविकेनंतर पदवीकडे जाता येते. अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी स्वतः लहान शर्यतीची मोटार बांधून कोइमतूर येथील ‘फॉर्म्युला भारत’सारख्या स्पर्धांत उतरतात. तेथे नुसता वेग नव्हे, तर आराखडा, खर्चाचा हिशेब आणि प्रत्येक निर्णयामागील कारणही तपासले जाते. मुलींनाही हे क्षेत्र खुले आहे. 2025 साली जर्मनीच्या लॉरा म्युलर या फॉर्म्युला वनमधील पहिल्या पूर्णवेळ महिला शर्यत-अभियंता झाल्या.

हे जीवन सुखासीन नाही. 2025 मध्ये जगभर 24 शर्यती झाल्या. म्हणजे वर्षातील कित्येक आठवडे घरापासून दूर काढणे आले. रात्री जागाव्या लागतात, आणि महिनोन्‌महिने घडवलेला भाग पहिल्याच चाचणीत निरुपयोगी ठरू शकतो. मग चूक शोधून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. चषक उंचावताना गर्दीला दिसतो तो चालक. अभियंत्याला मात्र शर्यत संपताच प्रथम हेच पाहावयाचे असते, की आपण घडवलेल्या मोटारीतून निघालेला माणूस सुखरूप परत आला आहे.