नाताळचा व्हिडिओ यूट्यूबवर ‘म्यूट’ का होतो? चर्चच्या कार्यक्रमाचं शूटिंग करण्याआधी हे समजून घ्या

डिसेंबर लागला की वसईपासून अहिल्यानगरपर्यंत चर्चमध्ये नाताळच्या तालमी सुरू होतात. संडे स्कूलच्या मुलांची नाटिका, क्वायरची गाणी आणि आता हमखास एक-दोन व्हिडिओ. तरुण संघात ज्याचा फोन बरा, त्याच्या गळ्यात हे काम पडतं. इंजिनीअरिंग केलेल्यांना तर कुणी विचारतही नाही, गृहीतच धरतात.

व्हिडिओ पाहणारे फक्त हॉलमध्ये बसलेले नसतात. गुडघ्यांमुळे घरीच थांबलेली आजी असते, दुबईत ड्युटीवर असलेला मुलगा असतो. त्यांच्यासाठी स्क्रीनवर दिसतो तोच नाताळ. आणि अशा व्हिडिओंची वाट बहुतेक वेळा कॅमेऱ्यामुळे लागत नाही, आवाजामुळे लागते.

गाणं जुनं आहे, मग क्लेम कसा आला?

‘सायलेंट नाइट’ पहिल्यांदा २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात गायलं गेलं. शब्द योझेफ मोर यांचे, चाल फ्रान्झ ग्रूबर यांची. आज या मूळ शब्दांवर आणि चालीवर कुणाचा हक्क नाही. ‘जिंगल बेल्स’ १८५७चं, तेही मोकळं. मराठीत नारायण वामन टिळकांची गीतं घ्या. टिळक १९१९ मध्ये गेले आणि आपल्याकडे लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क कधीच संपला.

इथेच गल्लत होते. गाणं मोकळं असलं, तरी त्याचं रेकॉर्डिंग मोकळं असेलच असं नाही. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो आणि तो प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. बोनी एमचं ‘मेरीज बॉय चाइल्ड’ १९७८चं. या नियमाने ते रेकॉर्डिंग २०३८ संपेपर्यंत कंपनीचंच. यूट्यूबवरून उतरवलेला कॅरोलचा कराओके ट्रॅक हेही कुणीतरी केलेलं रेकॉर्डिंगच असतं. मराठी भाषांतर अलीकडचं असेल, तर त्याचा हक्क भाषांतरकाराकडे असतो.

‘पण आम्ही तर देवळात गातोय!’ बरोबर आहे. धार्मिक विधीच्या ओघात गाणं म्हणणं किंवा वाजवणं हा कॉपीराइटचा भंग नाही, अशी तरतूद आपल्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. पण कार्यक्रम शूट करून इंटरनेटवर टाकलेला व्हिडिओ त्या सवलतीत बसतोच, असं धरून चालता येत नाही. आणि यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा कायदा वाचत नाही. ती तुमच्या व्हिडिओतला ध्वनी कंपन्यांनी दिलेल्या नमुन्यांशी जुळवते. जुळला तर पुढे काय करायचं, हे हक्कधारकाने आधीच ठरवलेलं असतं. कधी नुसती जाहिरात लागते आणि पैसे त्याला जातात, कधी व्हिडिओच बंद होतो. लाइव्ह चालू असताना जुळला, तर चित्राच्या जागी नुसती पाटी दिसू शकते.

यावरचा उपाय जुनाच आहे. पेटी, तबला, गिटार घेऊन क्वायरनेच गावं. माझ्या मते ते ऐकायलाही जास्त बरं वाटतं. तरीही चुकून क्लेम आलाच, तर यूट्यूबवर त्याला हरकत घेता येते.

मागे ठेवलेला फोन नेमकं काय ऐकतो?

चर्चचं छत उंच आणि भिंती कडक. आवाज आपटून परत येतो. आपला मेंदू तो घुमारा बऱ्यापैकी गाळतो, फोनचा माइक गाळत नाही. शिवाय आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. तुम्ही वेदीपासून ३४ मीटरवर, पार मागच्या दाराशी फोन लावला, तर आवाज चित्राच्या एक दशांश सेकंद मागे पडतो. ओठ आणि शब्द जुळेनासे होतात.

म्हणून चित्र मागून घ्या, पण आवाज जवळून. साउंडवाल्या दादांच्या मिक्सरमधून थेट रेकॉर्डिंग मिळालं तर उत्तम. नाहीतर दुसरा फोन एअरप्लेन मोडवर टाकून रेकॉर्डर चालू करा आणि गाणाऱ्यांच्या पुढ्यात ठेवा. दोन्ही फोन सुरू झाले की एकदा जोरात टाळी वाजवा. एडिटिंग करताना टाळीचा आवाज आणि हात एकमेकांना भिडल्याची फ्रेम जुळवली की काम झालं. नाटिकेचे संवाद तर आधीच शांत खोलीत रेकॉर्ड करून ठेवलेले बरे. मेंढपाळ झालेला सहा वर्षांचा मुलगा ऐनवेळी माइककडे पाठ करणारच.

चित्राबद्दल थोडंसं

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोन ३० फ्रेमवर असेल, तर चित्रात सरकते पट्टे दिसू शकतात. २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला ‘पाल फॉरमॅट’ सुरू केला की २५ फ्रेमचा पर्याय दिसतो. तिथेच एचडीआर व्हिडिओ बंद करा, नाहीतर प्रोजेक्टरवर रंग फिके पडू शकतात. फोन आडवा धरा, हे सांगायला नको, तरी सांगतो.

कादोडीतली नाटिका बाहेरच्या पाहुण्यांना कळावी म्हणून खाली मराठी ओळी देणार असाल, तर त्या एकदा प्रोजेक्टरवर वाचून पाहा. काही एडिटिंग ॲपमध्ये ‘ख्रिस्त’सारखी जोडाक्षरं फुटतात. तयार फाइल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलीत तर दर्जा घसरतो, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मुलांचे चेहरे जाहीर चॅनलवर जाणार असतील, तर पालकांना आधी विचारा.

लाइव्ह जायचंय? मग आजच चॅनल तपासा

यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला फोन नंबरची पडताळणी लागते आणि परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत वेळ जाऊ शकतो. मोबाइल ॲपवरून थेट जायचं तर किमान ५० सबस्क्रायबर हवेत. म्हणजे २४ तारखेला संध्याकाळी चॅनल उघडून रात्रीचा मिस्सा दाखवणं जमेलच असं नाही.

वेळेचंही गणित बघा. इथे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा दुबईत साडेसात झालेले असतात, टोरांटोत सकाळचे साडेदहा. दोन दिवस आधी त्याच वेळेला, त्याच जागेवरून दहा मिनिटांचं ‘अनलिस्टेड’ लाइव्ह करा. लिंक दुबईच्या एखाद्या काकांना पाठवा आणि विचारा, ‘चित्र राहू द्या, शब्द कळतायत का?’