मोठ्या शिशूत काय शिकवलं?

माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. मूल जन्मतं तेव्हा त्यांच्या जागी नुसती कूर्चा असते. पुढे वर्षागणिक तिचं हाड बनत जातं, आणि शेवटचं हाड दिसू लागायला नववं-दहावं, काही मुलांत तर बारावं वर्ष उजाडतं. म्हणजे पाच वर्षांचं मूल दुरेघी वहीत 'क'ची चौथी ओळ गिरवत असतं, तेव्हा त्याचं मनगट अजून पुरतं तयारही झालेलं नसतं. आपण मात्र मागे उभं राहून म्हणतो, "ओळ सोडून जाऊ नकोस!"

मोठा शिशू, बालवर्ग, सीनियर केजी, अंगणवाडीतला मोठा गट. नाव काहीही असो, पहिलीच्या आधीचं हे एक वर्ष. या वर्षात मूल जेवढं शिकतं तेवढं पुढे क्वचितच एखाद्या वर्षात शिकत असेल. अडचण एवढीच, की त्यातलं फार थोडं वहीत उतरतं, आणि आपण पालक वहीच बघतो.

पेन्सिल तीन बोटांत धरून हवी तिथे थांबवायची, तर बोटांच्या आधी खांदा आणि कोपर स्थिर व्हावं लागतं. ते होतं लोंबकळून, दोरी ओढून, बाकाखालून रांगून. बोटांची कामं त्यानंतरची: मातीचे लाडू वळणं, कागद फाडून चिकटवणं, मणी ओवणं, मटार सोलणं, ओलं फडकं पिळणं. चांगल्या बालवाडीत ही कामं पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकण्यापुरती होत नाहीत, रोज होतात. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची आपली पद्धत आठवा. एकच आकडा, पण उलटा-सुलटा, डावीकडे-उजवीकडे वळवून कितीतरी वेळा काढावा लागतो, आणि बिघडला तर तळहाताने पुसता येतो. वहीतल्या लाल शाईपेक्षा पाटी मुलाशी जास्त सभ्यपणे वागते. या वयात मुलं अक्षरं आणि आकडे आरशात दिसावेत तसे उलटेही काढतात. बहुतेकांचं ते आपोआप सुटतं. लगेच डॉक्टर गाठायचं कारण नाही.

हातांना आधी काम द्यावं आणि अक्षरं मागून येऊ द्यावीत, हा प्रयोग आपल्याकडे फार पूर्वी होऊन गेला आहे. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं. त्यांच्या विचारांनी प्रभावित होऊन गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालशिक्षणाचं काम उभं केलं. ताराबाई मोडक तिथे त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंना मॉन्टेसरी पद्धत पटलेली होती, पण तिचं साहित्य परवडण्याजोगं नव्हतं. गुळगुळीत, मापात बसवलेले लाकडी ठोकळे आणि दट्टे खेड्यातल्या शाळेने कुठून आणायचे? १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांच्या सोबत आल्या आणि उरलेलं आयुष्य तिथल्याच झाल्या. समुद्र हाकेवर, त्यामुळे शंख-शिंपले फुकट. बिया, काड्या, पानं, खडे हेच साहित्य ठरलं. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे सगळं त्यातून शिकवता येतं, आणि हरवलं तर कुणी ओरडत नाही.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांच्या मागोमाग गेली, ती कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिची केंद्रं आज देशभर अंगणवाडी याच नावाने ओळखली जातात आणि त्यांची संख्या चौदा लाखांच्या घरात आहे. एवढा मोठा वारसा हाताशी असताना शहरातली मोठमोठी प्लेस्कूलं प्लॅस्टिकची फळं वापरून 'ॲपल' शिकवतात. कोपऱ्यावर फळवाला उभा असतो.

आता आकडे. एका अंगणवाडीत मी बसले होते. ताईंनी एका मुलीपुढे सात चिंचोके ठेवले आणि म्हणाल्या, "मोज बरं." तिने प्रत्येकावर बोट ठेवून मोजलं, एकही सोडला नाही, एकही दोनदा धरला नाही. "मग किती झाले?" मुलीने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. परत विचारलं, परत तेच. ताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं, मला पाच दे." मुलीने मूठभर उचलून दिले. तीच मुलगी पन्नासपर्यंत न अडखळता म्हणत होती.

इथे नेमकं काय राहिलं होतं? शेवटी उच्चारलेला आकडा हा त्या शेवटच्या चिंचोक्याचं नाव नसून सगळ्या ढिगाची संख्या आहे, हे. रॉचेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजणीमागची तत्त्वं मांडली, त्यातलं हे एक. एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम ठरलेला, आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण. शिवाय मोजणी कुठूनही सुरू केली तरी उत्तर तेच येतं. मोठ्यांना यात शिकण्यासारखं काही वाटत नाही, पण मुलाला हे उमगायला महिनोन् महिने लागतात, आणि ते पाठांतराने उमगत नाही. ताटल्या मांडून, खाऊ वाटून, 'सगळ्यांना पुरला का?' असं बघून उमगतं. ते जमलं तरी पुढचा टप्पा उरतोच. सहा-सहा बटणांच्या दोन सारख्या रांगा लावा आणि मुलाच्या डोळ्यांदेखत एक रांग पसरवून लांब करा. पाच वर्षांची बरीच मुलं लांब रांगेत जास्त बटणं आहेत असं छातीठोकपणे सांगतात. जाँ पियाजे यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. घरी करून बघा, फक्त मुलाला हसू नका.

मराठी मुलांच्या वाटेत आणखी एक चढ आहे. 'पंचवीस' म्हणताना आपण पाच आधी बोलतो आणि वीस मागून, लिहिताना मात्र दोन आधी. त्यामुळे कित्येक मुलं पंचवीस ऐकून ५२ लिहितात. एकोणतीस, एकोणचाळीस तर पुढच्या दशकात डोकावून एक मागे येतात. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी जोड दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! विधिमंडळात टिंगल झाली, विनोदांना ऊत आला. तो उपाय योग्य होता की नाही यावर वाद घालता येईल, पण अडचण खरी होती, आणि ती भोगणारी मुलं त्या वादात कुठेच नव्हती. बालवाडीपुरतं सांगायचं तर वीसपर्यंतची जाण पक्की झाली तरी भरपूर झालं. शंभरपर्यंत घोकलेलं पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला बरं. त्यापेक्षा सरळ रेषेत एक ते दहा आकडे मांडलेला पट आणि एक फिरकी घ्या. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिग्लर यांनी अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या मुलांना असा पट थोडा थोडा करून एकूण तासाभराचा खेळायला दिला, आणि कोणता आकडा मोठा, कोणता कुठे बसतो याची त्यांची समज स्पष्ट सुधारली.

भाषेचं बहुतेक काम कानाने होतं. स्वतःच्या नावावर टाळ्या वाजवणं, 'क'ने सुरू होणाऱ्या वस्तू शोधणं, यमक जुळवून निरर्थक शब्द बनवणं, भेंड्यांमध्ये शेवटचं अक्षर पकडणं. शब्दाचे तुकडे पडतात हे मुलाच्या ध्यानात येतं ते असल्या खेळांत, आणि वाचायला नेमकी हीच जाण लागते. एक-दोन वर्षांनी हीच मुलं 'च'च्या भाषेत बोलून मोठ्यांना जेरीस आणतात, तेव्हा ती पक्की झाली असं समजावं. ही जाण नसताना नुसती मुळाक्षरं गिरवली, तर मूल चित्र काढावं तसं अक्षर काढतं. त्यात ऱ्हस्व वेलांटी आली की आणखी पंचाईत: 'कि'मध्ये बोलताना इ नंतर येतो आणि लिहिलेली वेलांटी 'क'च्या आधी उभी. हे समजायला पहिली-दुसरी पडलेली आहे.

आणि भाषा घरची हवी. ज्या मुलाने आयुष्यात कधी 'मे आय गो टू द टॉयलेट' ऐकलेलं नाही, त्याला ते म्हणेपर्यंत थांबवून ठेवणं याला मी शिक्षण म्हणणार नाही. घरी वारली, अहिराणी किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीही परकीच असते. ताई त्याच्या बोलीत दोन वाक्यं बोलली की मूल बोलतं होतं. एरवी ते महिनोन् महिने गप्प बसतं आणि प्रगतिपुस्तकात 'शांत स्वभाव' असा शेरा मिळवतं.

या वर्षातलं मला सर्वांत आवडतं शिक्षण मात्र लपाछपीत दिसतं. तीन वर्षांचं मूल पडद्यामागे तोंड घालतं, पाय बाहेर, वर 'मी इथे आहे' असं ओरडून सांगतं. पाच वर्षांचं मूल श्वास रोखून कपाटामागे उभं राहतं. दुसऱ्याला जे दिसतं ते आपल्याला दिसतं त्याहून वेगळं असतं, दुसऱ्याच्या डोक्यात चुकीचीही समजूत असू शकते, ही ओळख मुलाला साधारण चार ते पाच या वयात होते. १९८३ साली हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांनी ती प्रयोगाने तपासली. गुपित राखणं, थट्टा कळणं, दुसऱ्याची समजूत काढणं याच ओळखीतून येतं. पहिली व्यवस्थित थापही! मूल पटण्यासारखी थाप मारू लागलं, तर थोडं रागवा आणि मनातून खूश व्हा.

दुसरा खेळ 'शिवाजी म्हणतो'. शिवाजी म्हणतो हात वर, तर हात वर. नुसतं 'हात खाली' म्हटलं तर हलायचं नाही. वरवर सोपा, पण हात आपोआप खाली येत असताना तो अडवणं हे पाच वर्षांच्या मेंदूला भारी काम आहे. संशोधक या वयाच्या मुलांचा स्वतःवरचा ताबा मोजतात तो जवळजवळ असल्याच खेळाने: डोक्याला हात लाव म्हटलं की पायाला लावायचा. थांबणं, आपली पाळी येऊ देणं, सांगितलेलं लक्षात ठेवणं. पहिलीच्या वर्गात बसायला अक्षरओळखीइतकंच हे लागतं. मग डबा आपला आपण उघडणं, चपला उजव्या-डाव्या ओळखून घालणं, शी-शू वेळेवर सांगणं, कुणी ढकललं तर मारण्याऐवजी बोलणं. जूनमध्ये दाराशी हंबरडा फोडणारी मुलं दिवाळीपर्यंत डब्यातला अर्धा लाडू शेजारच्याला देतात. त्यासाठी बाईंनी काय काय केलं असेल, याचा हिशेब कुठल्याच वहीत नसतो.

याचा पुढे उपयोग होतो का, असं विचारणाऱ्यांना मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावचा दाखला देता येईल. १९६२ पासून तिथे गरीब कृष्णवर्णीय घरांतली १२३ मुलं निवडली. ५८ जणांना बालवाडी मिळाली, ६५ जणांना नाही. रोज सकाळी अडीच तास, आणि रिवाज असा की मुलांनी आज काय करणार ते आधी ठरवायचं, मग करायचं, मग काय केलं ते सांगायचं. बुद्ध्यंकातली आघाडी काही वर्षांत ओसरली, आणि टीकाकारांनी 'बघा!' म्हटलं. पण चाळिशीला गाठलं तेव्हा बालवाडीतल्या गटात शालेय शिक्षण पुरं केलेले आणि नोकरीत असलेले लोक जास्त निघाले, तुरुंगाच्या वाटेला गेलेले कमी. मुलं मोजकी होती, परिस्थिती विशिष्ट होती, हे मान्य. तरी टिकलं ते नुसतं अक्षरज्ञान नव्हतं, एवढं नक्की.

आपल्याकडे कायद्याने या वयाला अजून पुरतं जवळ केलेलं नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा. तीन ते सहाच्या मुलांसाठी सरकारने व्यवस्था करावी असं तो सुचवतो, हक्क देत नाही. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला. २०२१ सालच्या 'निपुण भारत' अभियानाने समजून वाचणं आणि मूलभूत गणित यांसाठी मुदत दिली ती तिसरीच्या अखेरपर्यंत. देश तिसरीपर्यंत थांबायला तयार आहे, आणि आपण सीनियर केजीच्या दिवाळीच्या सुट्टीत पाच पानं शुद्धलेखन लिहून घेतो.

दिवाळी सरली की प्रवेशाचे फॉर्म निघू लागतात. शाळा बघायला जाल तेव्हा वातानुकूलन आणि स्मार्ट बोर्ड थोडा वेळ बाजूला ठेवा. एका बाईंमागे किती मुलं आहेत ते विचारा. माती आणि पाणी कुठे आहे ते बघा. दाराशी पाच मिनिटं उभं राहून, वर्गात जास्त कोण बोलतंय ते ऐका. मूल सहा वर्षांचं व्हायच्या आत पहिलीत ढकलण्याचा आग्रह कुणी धरला तर नाही म्हणा. आणि वर्गाच्या भिंतीवर पंचवीस अगदी एकसारखे मोर लावलेले दिसले, तर ते बाईंनी काढलेत असं खुशाल समजा आणि दुसरी शाळा बघा.