बोरन्हाण आणि कागदी पिशवी

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत मराठी घरांतून लहान मुलांचे बोरन्हाण होते. काळे अंगडे, हलव्याचे दागिने, पाटावर बसविलेले मूल आणि त्याच्या डोक्यावरून ओतली जाणारी बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, बत्तासे. भोवतालची मुले हा खाऊ वेचण्यासाठी झेपावतात, आणि वेचलेले ठेवावयास त्यांना काहीतरी हवे असते. पूर्वी फ्रॉकचा ओचा किंवा सदऱ्याचा खिसा पुरे. पुढे पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या. कर्नाटकात अशा पिशव्यांवर २०१६ साली बंदी आली, महाराष्ट्रात २०१८ साली. तेव्हा पिशवी कागदाची असावी, आणि ती मुलांनीच केलेली असावी, हे ओघानेच आले.

बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत, मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात. एका घरी तिळगूळ, तर पलीकडच्या घरी एळ्ळु-बेल्ल. घरचे बोरन्हाण घरच्या मुलापुरते. अंगणवाडीत मात्र ते सर्वांचे होऊ शकते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पण अंगणवाडी ही कल्पना त्याहून जुनी आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, आणि त्यांनी व अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शिंपले मुलांच्या हाती दिले. कागदी पिशवी त्याच वाटेवरची.

रीत सोपी आहे. एका बाजूने कोरा असलेला फुलस्केप कागद आडवा ठेवावा, कोरी बाजू वर. डावी व उजवी कड मध्यावर आणून दोन बोटे एकमेकींवर चढवावी व चिकटवावी. खालची कड तीन बोटे दुमडून चिकटवावी. तोंडाची कड आत मुडपावी, म्हणजे ती फाटत नाही. घड्या सेविकेने आदल्या दिवशी पाडून ठेवाव्यात. मुलाने फक्त त्या रेषेवरून अंगठा फिरवावा. तीन वर्षांच्या मुलाकडून नेमकी घडी मागणे व्यर्थ आहे. त्याला कागद टरकावू द्यावा, त्यात तो रमतो. पाच वर्षांचे मूल घडी स्वतः घालते.

वर्तमानपत्राचा कागद घेऊ नये. त्याची शाई खाऊला लागते. डिंकाऐवजी कणकेची खळ शिजवावी. टिकावी म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे. तो विषारी आहे आणि मुलांची बोटे तोंडात जातात, म्हणून येथे तो वर्ज्यच. खळ रोज ताजी करावी. टाचण्या व स्टेपलर नकोत.

सजावट सणाचीच असावी. पिशवीवर काळ्या घोटीव कागदाचा चौकोन लावून त्यावर मुलांनी पांढऱ्या कागदाचे टरकावलेले कपटे चिकटवले की काळ्या वस्त्रावरील हलव्याचे दागिने झाले! हळदीच्या पाण्यात बुडविलेल्या अंगठ्याचा ठसा म्हणजे सूर्य. कलबुर्गीकडील मुले तुरीच्या शेंगाही काढतील. शेतात त्यांना दुसरे काय दिसते? ऊस काढला तर खाली ‘ऊस’ आणि ‘कब्बु’ हे दोन्ही शब्द शिक्षकांनी लिहावेत.

एका बाबतीत मात्र हयगय चालणार नाही. बोराची आठोळी, अख्खे शेंगदाणे, हरभरे, हलव्याचा टणक दाणा यांपैकी काहीही पळत्या, हसत्या मुलाच्या श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि तेव्हा दवाखाना गाठण्याइतका अवधी मिळेलच असे नाही. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. म्हणून अंगणवाडीत डोक्यावरून चुरमुरे, बत्तासे व फुलांच्या पाकळ्याच ओताव्यात. बोरे शकुनापुरती ताटात ठेवावीत. वेचताना खाणे नको. पिशवी भरल्यावर सर्वांनी खाली बसून खावे. शेंगदाण्याचे कूट घातलेली तिळाची मऊ वडी चालते.

आमंत्रण सर्व मातांना असावे. हळदीकुंकवाच्या प्रथेमुळे विधवा माता अशा प्रसंगी दाराशीच थांबतात. त्यांच्या मुलांच्या पिशव्या त्यांच्याच हातून भरून घ्याव्यात. पिशव्यांवर नावे आधी घालावीत आणि पटावरील संख्येपेक्षा चार-पाच पिशव्या जास्त करून ठेवाव्यात, कारण धाकटी भावंडे येतातच.