चित्रमुद्रक, अंकीय

चित्रमुद्रक, अंकीय : दूरचित्रवाणीचे कार्यक्रम अंकीय स्वरूपात तबकडीवर साठवून प्रेक्षकाच्या सोयीने दाखविणारे उपकरण. ते ‘डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर’ किंवा ‘डीव्हीआर’ या नावांनी ओळखले जाते. कार्यक्रमाची वेळ प्रक्षेपकाने ठरवावयाची व प्रेक्षकाने ती पाळावयाची, हा दूरचित्रवाणीचा मूळ क्रम या उपकरणाने पालटला.

या बदलाची पूर्वतयारी फितीवर मुद्रण करणाऱ्या यंत्रांनी केली. जपानमध्ये सोनी कंपनीचे बीटामॅक्स यंत्र १९७५ मध्ये, तर जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस पद्धत १९७६ मध्ये बाजारात आली. घरी कार्यक्रम मुद्रित करण्याने स्वामित्व हक्काचा भंग होतो, असा दावा अमेरिकेतील युनिव्हर्सल व डिझ्नी या चित्रपटसंस्थांनी केला होता. परंतु एखादा कार्यक्रम मागाहून पाहण्यासाठी तो घरी मुद्रित करणे न्याय्य आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. तथापि फिती बदलणे, वेळ लावून ठेवणे व हवा तो भाग शोधणे ही कामे कटकटीची होती.

टिव्हो व रिप्ले टीव्ही ही अंकीय उपकरणे अमेरिकेत १९९९ मध्ये विक्रीस आली. यांत चित्रसंकेताचे संकोचन करून तो तबकडीवर लिहिला जातो. तबकडीवर लेखन व वाचन बरोबरीने होऊ शकत असल्यामुळे चालू कार्यक्रम थांबविणे, तसेच मुद्रण पुरे होण्यापूर्वीच तो आरंभापासून पाहणे शक्य झाले. मालिकेचे नाव एकदा नोंदविले की तिचे पुढील भाग आपोआप मुद्रित होत. भारतात टाटा स्काय या उपग्रह सेवेने २००८ मध्ये अशी सुविधा दिली.

या सोयीचा आर्थिक परिणाम दूरगामी ठरला. व्यापारी दूरचित्रवाणीत कार्यक्रमाचा खर्च मुख्यत्वे जाहिरातदार उचलतो, तो प्रेक्षकाचे लक्ष मिळेल या भरवशावर. मुद्रित कार्यक्रमातील जाहिराती ओलांडून पुढे जाता येऊ लागताच हा भरवसा डळमळला. रिप्ले टीव्हीच्या जाहिराती गाळण्याच्या सुविधेविरुद्ध २००१ मध्ये दावे दाखल झाले. परंतु तिच्या निर्मात्या कंपनीचे २००३ मध्ये दिवाळे निघाल्याने मूळ प्रश्न अनिर्णित राहिला. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सेन संस्थेने २००७ पासून प्रक्षेपणानंतर तीन दिवसांपर्यंत पाहिल्या गेलेल्या जाहिराती जमेस धरणारे मापन सुरू केले. निकाल आधी कळल्यास गोडी जाते अशा क्रीडासामन्यांच्या थेट प्रक्षेपणाला त्यामुळे अधिक महत्त्व आले.

प्रेक्षक कार्यक्रम साठवीत असता यंत्र प्रेक्षकाच्या सवयी साठवीत होते. कोणते दृश्य किती वेळा पुन्हा पाहिले गेले, हे टिव्हो कंपनीला एकत्रित आकड्यांवरून कळत असे. २००४ च्या सुपर बोल सामन्यानंतर तिने असे आकडे जाहीर केले, तेव्हा ही गोष्ट अनेकांच्या प्रथमच ध्यानात आली.

पुढे आंतरजालावरून मागणीनुसार कार्यक्रम मिळू लागल्याने घरी मुद्रण करण्याची गरज घटली. मात्र हव्या त्या वेळी पाहण्याची सवय टिकली. प्रेक्षकाला वेळेचे स्वातंत्र्य लाभले, पण एकच कार्यक्रम असंख्य घरांनी एकाच वेळी पाहण्याचा व दुसऱ्या दिवशी त्यावर बोलण्याचा सामाईक अनुभव विरळ झाला.